कर्नाळ्याला पहिल्यांदा जाताय? किल्ला नंतर, ओढा आधी

पनवेल सोडून गोव्याच्या दिशेने निघालं की थोड्याच वेळात डाव्या-उजव्या डोंगरांमध्ये अंगठ्यासारखा वर आलेला एक सुळका दिसतो. तो कर्नाळ्याचा. त्याच्या पायथ्याशी, महामार्गाला खेटून, महाराष्ट्रातलं पहिलं पक्षी अभयारण्य आहे. १९६८ साली ते जाहीर झालं तेव्हा जेमतेम साडेचार चौरस किलोमीटरचं होतं; २००३ मध्ये हद्द वाढून बारा चौरस किलोमीटरच्या पुढे गेली. मुंबई, ठाणे, नवी मुंबईतून लोकलने आणि पुण्याहून एसटीने एका दिवसात आरामात जाऊन येण्यासारखी ही जागा. तरीही तिथून परतलेल्यांचं एक ठरलेलं गाऱ्हाणं असतं: "पक्षी काही दिसले नाहीत, माकडं तेवढी दिसली."

याचं कारण सोपं आहे. बहुतेक मंडळी साडेदहाला पोहोचतात, तडक किल्ल्याची वाट धरतात, वर सेल्फी काढतात आणि दमून खाली येतात. जंगल त्यांच्या दोन्ही बाजूंना असतं, पण ते त्यातून फक्त ये-जा करतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने किल्ला बाजूला ठेवावा आणि खालच्या वाटांवर, ओढ्याच्या आसपास तीन-चार तास काढावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. पुढचं सगळं त्याच हिशेबाने लिहिलं आहे.

आधी महिना ठरवा

कर्नाळ्यात वर्षभर काही ना काही असतंच, पण नवख्या माणसासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा. पाऊस संपलेला असतो, वाटा सुकलेल्या असतात आणि हिवाळी पाहुणे पक्षी आलेले असतात. शिवाय ओढ्यांचं वाहणं थांबत येतं आणि पात्रात ठिकठिकाणी डबकी उरतात. पावसाळ्यात जंगलात सगळीकडेच पाणी, त्यामुळे पक्षी कुठेही पाणी पितात. डिसेंबर-जानेवारीत मात्र ते मोजक्या डबक्यांवर येतात, म्हणजे तुम्हाला शोधत हिंडावं लागत नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस, पांगारा, काटेसावर फुलतात. पानं गळालेली, फांद्यांवर लाल-केशरी फुलं आणि त्यांच्यातला मध प्यायला लोटलेले पक्षी. दुर्बीण नसेल तर हाच मोसम निवडा, कारण झाडावर पानंच नसल्याने नुसत्या डोळ्यांनीही पुष्कळ दिसतं. एप्रिल-मे मध्ये उकाडा आणि घाम यांची तयारी हवी. करवंदं, जांभळं याच दिवसांतली.

पावसाळ्याचं वेगळं सांगतो, कारण तो मोहात पाडतो. जून ते सप्टेंबर कर्नाळा हिरवागार असतो, ओढे खळाळत असतात, आणि रायगडचा जिल्हापक्षी असलेला तिबोटी खंड्या याच दिवसांत इथे घरटी करतो. पण पहिलीच भेट भर जुलैत नको. एक तर दाट पानांमुळे पक्षी दिसण्यापेक्षा ऐकू जास्त येतात, आणि दुसरं म्हणजे ओढ्याचा स्वभाव आधी कोरड्या दिवसांत कळलेला बरा.

वार निवडायची मुभा असेल तर रविवार टाळा. सुट्टीच्या दिवशी सहली, शाळा, मोठे गट यांचा कलकलाट अकरानंतर सुरू होतो. रविवारीच जायचं असेल तर दार उघडताना हजर राहा, म्हणजे पहिले दोन तास तुमचे.

पोहोचायचं कसं

पनवेलपर्यंत हार्बर लोकल आहे, ठाण्याहून नेरुळमार्गे येणारी गाडी आहे. पनवेल रेल्वे स्थानक आणि एसटी स्टँड एकमेकांना चिकटून नाहीत. मध्ये रिक्षा करावी लागते. स्टँडवरून पेण, अलिबाग, रोहा या बाजूला जाणारी साधी गाडी पकडा. चढतानाच कंडक्टरला विचारा, "कर्नाळा अभयारण्याला थांबणार ना?" लांब पल्ल्याच्या जलद गाड्या थांबतीलच असं नाही, आणि पुढे जाऊन उतरलात तर महामार्गावरून उलट चालत येणं हा अजिबात चांगला अनुभव नव्हे. पनवेलपासून अंतर साधारण बारा किलोमीटर.

उतरल्यावर रस्ता ओलांडावा लागला तर घाई करू नका. हा महामार्ग अभयारण्य चिरून खिंडीतून जातो आणि ट्रक वेगात असतात. सबंध दिवसातला सर्वांत धोक्याचा क्षण किल्ल्यावर नसून इथेच आहे, हे मुलं बरोबर असतील तर विशेष लक्षात ठेवा.

वाटेत शिरढोण लागतं. वासुदेव बळवंत फडक्यांचं हे जन्मगाव. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते, आणि १८१८ मध्ये हा किल्ला इंग्रजांकडे गेला. सुळक्याकडे बघताना एवढं आठवलं तरी पुरे.

पाठीवरची पिशवी

थोडकंच घ्या, पण नेमकं घ्या. माणशी दोन लिटर पाणी, स्टीलच्या किंवा जाड पुनर्वापराच्या बाटलीत. खाणं डब्यात, वेफर्सची पाकिटं नकोत. त्याचं कारण दारावरच कळेल: वनखात्याचे कर्मचारी आत नेत असलेल्या प्लास्टिकच्या वस्तू मोजतात आणि अनामत रक्कम ठेवून घेतात. परत येताना तेवढ्याच वस्तू दाखवल्या की पैसे परत. जितकं प्लास्टिक कमी, तितका दारावरचा वेळ कमी. सुटे पैसे जवळ असू द्या.

कपडे मातकट, खाकी, फिकट हिरव्या रंगाचे. पांढरा आणि भडक लाल-पिवळा नको. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि पूर्ण पँट घालाच, आणि त्याचं कारण डासांपेक्षाही खाजकुइली आहे. पावसाळ्यानंतर या वेलीला सोनेरी-तपकिरी लव असलेल्या शेंगा धरतात. सुकल्या की ती लव वाऱ्यानेही उडते आणि अंगाला लागली की माणूस नाचायला लागतो. लागलीच तर चोळू नका, चोळल्याने ती पसरते. चिकटपट्टी लावून उचलून काढा, मग पाण्याने धुवा. म्हणून पिशवीत चिकटपट्टीची एक गुंडाळी ठेवा. हसतील लोक, पण गरज पडली की तुमच्याकडेच मागायला येतील.

बूट पकड असलेले, आधी वापरलेले. अत्तर, सुगंधी फवारे घरीच ठेवा; पुढे आग्यामोहोळांचा विषय आहे तिथे कारण सांगतो. दुर्बीण असेल तर ८ गुणिले ४२ मापाची नवख्याला बरी: हात थरथरला तरी चित्र फार हलत नाही आणि झाडीतल्या कमी उजेडातही पक्षी दिसतो. नसेल तर खास विकत घेऊ नका, दोन-तीन भेटी झाल्यावर ठरवा.

दारातून आत

डिसेंबर-जानेवारीत इथे सूर्य सातच्या पुढे-मागे उगवतो. म्हणजे दार उघडताना तुम्ही तिथे असलात की पक्ष्यांच्या दिवसाची सुरुवात तुमच्या हाती लागते. उन्हाळ्यात सूर्य तासभर आधी उगवतो, ऊनही लवकर तापतं.

तिकीट काढा, वहीत नाव-गाव नोंदवा, आणि एक प्रश्न आवर्जून विचारा: "आज पाणी कुठे आहे?" चौकीवरचे वनरक्षक आणि आसपासच्या ठाकर-कातकरी वाड्यांवरचे लोक यांना कुठल्या वाटेवर डबकं शिल्लक आहे, कुठलं उंबराचं झाड पिकलंय हे तोंडपाठ असतं. ही माहिती कुठल्याही ॲपवर मिळत नाही. वाटाड्या मिळत असेल तर पहिल्या भेटीला जरूर घ्या.

आत निसर्गवाटा आहेत. हरियाल वाट आखूड आणि सोपी, मोरटाका त्याहून लांब आणि अधिक शांत. किल्ल्याची चढण वेगळी. पहिल्या दिवशी हरियाल सावकाश करा आणि अंगात दम असेल तर मोरटाक्यावर जमेल तेवढं जाऊन परत फिरा. वाट पूर्ण करण्याचं बक्षीस कोणी देत नाही.

चालणं आणि थांबणं

पन्नास पावलं चालायचं, मग दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं. नवख्या माणसाला हे थांबणं जड जातं, पण सगळी गंमत त्यातच आहे. जंगलातले छोटे पक्षी बरेचदा मिश्र थव्याने फिरतात. दहा मिनिटं एक पान हलत नाही, आणि मग एकाएकी निखार, सुभग, सुतार, नाचरा, भृंगराज असे पाच-सात जातींचे पक्षी एकाच झाडावर उतरतात. किडे शोधत सरकतात आणि पाच मिनिटांत पुढे निघून जातात. तुम्ही बोलत चालत असाल तर हा थवा डोक्यावरून गेलेलाही कळत नाही.

अशा थव्यात भृंगराज ओळखायला सोपा: काळा कुळकुळीत, शेपटीच्या दोन लांब तारा आणि टोकाला पिसांचे झुबके. हा पक्का नकलाकार. सर्पगरुडाची शीळ ऐकून तुम्ही आभाळात शोधावं आणि ती शेजारच्या फांदीवरून हा काढत असावा, असं होतं. खरा सर्पगरुड ऊन तापल्यावर, नऊ-दहाच्या सुमारास डोंगरावर घिरट्या घालताना दिसतो.

हरियाल, म्हणजे आपला राज्यपक्षी, शोधायचा तर सकाळच्या कोवळ्या उन्हात झाडांचे शेंडे बघा. निष्पर्ण फांदीवर थवा ऊन खात बसलेला असतो, पिवळे पाय स्पष्ट दिसतात. तासाभरात हेच पक्षी वडा-उंबराच्या पानांत शिरले की पन्नास जण असले तरी एक सापडत नाही. अशा वेळी खाली बघा: फळांचे तुकडे टपटप पडत असतील तर वर कोणीतरी जेवतंय.

आवाजांपैकी दोन पहिल्याच दिवशी पाठ करा. ठोके दिल्यासारखा एकसुरी "टुक टुक टुक" हा तांबट, आणि "कुटुर्र कुटुर्र" असा घुमणारा कुटुर्गा. हे दोन कानात बसले की ते वजा करून बाकीचे ऐकू येऊ लागतात. मर्लिनसारखं ॲप आवाज ओळखायला मदत करतं, ते वापरा. मात्र फोनवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून तो सगळी कामं टाकून भांडायला येतो. तुम्हाला फोटो मिळतो, आणि त्याची ती सकाळ वाया जाते.

ओढ्याकाठी बसणं

आता मुख्य काम. हिवाळ्यात वाटेत कोरडी पडत चाललेली ओढ्याची पात्रं आडवी येतात. पाणी उरलेलं डबकं हेरा. त्याच्या अगदी काठावर न बसता पंधरा-वीस पावलं मागे, झाडाच्या बुंध्याला टेकून, सावलीत बसा. सूर्य पाठीशी असू द्या. फोन खिशात. किमान अर्धा तास उठायचं नाही, हे आधीच एकमेकांना बजावून ठेवा.

पहिली दहा मिनिटं फक्त पाणनिवळ्या आणि टाचण्या (चतुरासारखे बारीक अंगाचे किडे) दिसतील. त्याही बघा. पाणनिवळी पाण्यावर उभी असते तिथे तिच्या पायांखाली पाण्याचा पापुद्रा किंचित दबलेला असतो आणि तळाशी तिच्या सावलीऐवजी गोल ठिपके पडतात. ओल्या मातीवर फुलपाखरं बसलेली असतील तर ती बहुधा नर. मातीतले क्षार शोषून घ्यायला ती जमतात. काळ्या पंखांवर निळी झाक असलेलं मोठं दिसलं तर ते नीलवंत, २०१५ पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू.

मग पक्षी येऊ लागतात. आधी बुलबुल, कारण ते सर्वांत धीट. त्यांच्या मागोमाग बाकीचे धीर करतात. जमिनीवरून टुकटुक चालत येणारा, हिरव्या चमकदार पंखांचा पाचू कवडा पाणी पिऊन चटकन निघून जातो. पानं उलथीपालथी करण्याचा आवाज आला तर तिकडे कस्तूर किंवा सातभाईंची टोळी असेल. दुपारी तीन-साडेतीननंतर अंघोळीची वेळ होते आणि स्वर्गीय नर्तक येतो. प्रौढ नर पांढराशुभ्र, काळं डोकं आणि शेपटीतून निघालेल्या दोन लांब फिती. मादी आणि तरुण नर तांबूस. तो काठावर उतरून अंघोळ करत नाही. वरच्या फांदीवरून सूर मारतो, पाण्याला अंग टेकवतो आणि परत वर जातो. दोनदा, तीनदा. तो पहिल्यांदा बघितलेला माणूस किल्ल्याचं नाव काढत नाही.

म्हणून शक्य असेल तर दिवसाची मांडणी अशी करा: सकाळी दोन-तीन तास वाटांवर, भर दुपारी जेवण आणि सावलीत विश्रांती, आणि तीननंतर पाण्याजवळ. सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी दाराकडे वळा. आत मुक्काम गृहीत धरू नका आणि अंधारात वाटेवर राहू नका.

पावसाळ्यात जाणाऱ्यांसाठी

सांगूनही जाणारे जातातच, तेव्हा ओढ्याची गोष्ट नीट समजून घ्या. इथले डोंगर तीव्र उताराचे, मातीचा थर पातळ आणि खाली काळा कातळ. पडलेलं पाणी मुरायला जागा थोडी, म्हणून ते सरळ घळीत उतरतं. तुमच्यावर रिमझिम असते आणि वर सुळक्याकडे धो-धो कोसळलेलं असतं; त्याचं पाणी काही मिनिटांत तुमच्यापर्यंत येतं. पाणी गढूळ होणं, काटक्या-पाचोळा वाहत येणं, आवाजाला खर्ज चढणं, या तीन खुणा. यांपैकी एक जरी दिसली तरी पात्रातून बाहेर, आणि उंच काठावर. गुडघ्यावर पाणी असेल तर ओलांडायचं नाही. पलीकडे अडकलात तर थांबून राहा. पाऊस थांबला की असे ओढे तासा-दोन तासांत उतरतात. हवामान खात्याचा लाल किंवा नारिंगी इशारा असेल त्या दिवशी घरीच भजी तळा.

तिबोटी खंड्याबद्दल थोडं कडक बोलतो. चिमणीपेक्षाही लहान, जांभळ्या-नारिंगी रंगांचा हा पक्षी ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बोगदा करून आत अंडी घालतो. खेकडे, पाली, सापसुरळ्या, बेडूक असं खाणं दोघं मिळून दिवसभर पिल्लांना भरवतात. बोगद्यासमोर माणूस उभा राहिला की पक्षी चोचीत भक्ष्य धरून लांब फांदीवर ताटकळत बसतो आणि आतली पिल्लं उपाशी राहतात. दहा छायाचित्रकार रांगेने उभे राहिले तर काय होत असेल याचा हिशेब करा. घरटं दिसलं तर मागे फिरा. कोणाला जागा सांगू नका, स्थळाच्या खुणेसकट फोटो टाकू नका. वनरक्षक एखाद्या भागात जाऊ देत नसतील तर त्यांच्याशी वाद घालू नये.

याच दिवसांत पहाटे ओढ्याकडून कोणी पोरगं निवांत शीळ घालत चाललंय असं वाटलं तर तो शीळकरी कस्तूर. त्याला शोधायला खाली उतरू नका, वाटेवरूनच ऐका.

साप, मधमाश्या, माकडं

कोकणातल्या कुठल्याही जंगलासारखे इथेही नाग, घोणस, मण्यार, फुरसं आणि झाडावर राहणारा हिरवा चापडा असू शकतात. वाट सोडायची नाही, दगडाखाली-ढोलीत हात घालायचा नाही, बसण्याआधी जागा बघायची. चावा झालाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यांपैकी काहीही करू नका. त्या अवयवाची हालचाल थांबवा, माणसाला शांत ठेवा, १०८ ला फोन करा आणि लवकरात लवकर प्रतिसर्पविष मिळणाऱ्या रुग्णालयात न्या.

किल्ल्यावर मात्र खरा धोका आग्यामोहोळांचा. सुळक्याच्या कड्यांना मोठी पोळी लोंबत असतात. तिथे आरडाओरडा, धूर, दगड मारणं आणि तीव्र सुगंध, चारही गोष्टी महागात पडतात. माश्या उठल्याच तर हात झटकू नका. तोंड-डोकं कापडाने झाका आणि पोळ्यापासून जितकं लांब जाता येईल तितकं, पायाखाली बघत, निघा. किल्ला करायचाच असेल तर तो दुसऱ्या भेटीत करा. चारशे मीटरहून थोडी जास्त उंची आहे, नवख्याला वर जायला दीड-दोन तास लागतात. सुळक्याच्या पोटात कातळात कोरलेली टाकी आहेत, ती बघण्यासारखी. सुळक्यावर चढणं हे दोर आणि प्रशिक्षण असलेल्यांचं काम.

माकडांना काही द्यायचं नाही. पिशवीची चेन लावलेली असू द्या आणि खाताना घोळक्याने बसा.

निघताना

पान, पीस, दगड, करवंदाचं रोप, काहीही उचलून आणू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते गुन्ह्यात मोडू शकतं. रानमेवा हवा असेल तर मोसमात महामार्गाच्या कडेला टोपल्या घेऊन बसलेल्या बायकांकडून विकत घ्या, घासाघीस न करता. वेळ हाताशी असेल तर पेणच्या दिशेला पुढे तारा गावात युसुफ मेहेरअली सेंटर आहे. तिथला साबण आणि घाण्याचं तेल लोक लांबून येऊन नेतात.

दिसलेल्या पक्ष्यांची यादी दारातून बाहेर पडण्याआधीच वहीत उतरवा, घरी जाईपर्यंत निम्मी नावं विसरतात. ओळख पटली नाही तर आकार, चोच, शेपटी आणि कुठे बसला होता एवढं लिहा. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकायची असेल तर खात्री असलेलेच पक्षी टाका.

मग चौकीवर प्लास्टिकच्या वस्तू दाखवून अनामत परत घ्या, आणि पनवेलकडे जाणाऱ्या गाडीला हात दाखवायला रस्त्याच्या योग्य बाजूला उभे राहा. संध्याकाळी पेणकडून येणाऱ्या गाड्या भरलेल्या असतात, त्यामुळे शेवटच्या गाडीच्या भरवशावर राहू नका.